कॅमेऱ्याच्या बॅटरीवर छापलेली क्षमता आणि प्रत्यक्ष मिळणारे काम : पारख कशी करावी?

गोदाकाठ (नाशिक), १२ जानेवारी

नमस्कार.

मी गेली सहा वर्षे हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरला पक्ष्यांची छायाचित्रे काढायला जातो. कॅमेरा सोनीचा ए७ थ्री आहे आणि त्यासोबत आलेली एनपी-एफझेड१०० ही मूळ बॅटरी पहिल्या दिवसापासून वापरात आहे. गेल्या दिवाळीत तिच्या जोडीला दुसऱ्या एका कंपनीची बॅटरी घेतली. तिची किंमत मूळ बॅटरीच्या साधारण एक तृतीयांश होती. मूळ बॅटरीवर २२८० एमएएच असे लिहिलेले आहे, तर या नव्या बॅटरीवर ठळक अक्षरांत २६०० एमएएच, ७.२ व्होल्ट असे छापलेले आहे. त्याच्या खाली अगदी बारीक अक्षरांत १४.४ वॉट-अवर असाही एक आकडा आहे, ज्याचा अर्थ मला नीट उमगला नाही. आकडा मोठा म्हणजे बॅटरी जास्त चालणार, एवढ्याच हिशेबाने मी ती घेतली.

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला मी मनोऱ्यावर होतो. आमच्या निफाड तालुक्यातली थंडी आपणांस ठाऊकच असेल. त्या वेळी पारा सात अंशांवर होता. नवी बॅटरी ४३ टक्के दाखवत असताना चक्रवाकांचा थवा उठला, मी सलग छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली आणि तीन-चार सेकंदांतच कॅमेरा बंद पडला. बॅटरी काढून पाच मिनिटे मुठीत धरली आणि परत घातली, तेव्हा ती ३१ टक्के दाखवू लागली व पुढे वीस मिनिटे चाललीही. उरलेली सकाळ मात्र सहा वर्षांच्या जुन्या बॅटरीने निभावून नेली.

यावरून काही प्रश्न पडले आहेत. बॅटरीवरचा आकडा खोटा असतो, की तो वेगळ्याच परिस्थितीत मोजलेला असतो? कंपनी सांगते की या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) वापरून ६१० छायाचित्रे मिळतील, पण मी जुन्या बॅटरीवर एका सकाळी अठराशे छायाचित्रे काढलेली आहेत. मग त्या आकड्याला तरी काय अर्थ उरतो? आणि प्रयोगशाळा हाताशी नसताना दोन बॅटऱ्यांची प्रामाणिक तुलना घरच्या घरी कशी करावी? माझा व्यवसाय शिक्षकाचा असून विषय मराठी आहे, त्यामुळे उत्तरे त्या बेताने द्यावीत, ही विनंती.

रोध-प्रतिरोध (पुणे), १२ जानेवारी

गोदाकाठ यांस,

मी तंत्रनिकेतनात तीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवले, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

आपल्याला न उमगलेला तो बारीक आकडाच सर्वांत महत्त्वाचा आहे. वॉट-अवर म्हणजे बॅटरीत साठलेली एकूण ऊर्जा, आणि ती काढण्यासाठी अँपिअर-अवरला व्होल्टने गुणावे लागते. (एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-अवर, म्हणून आधी हजाराने भागावे.) मूळ बॅटरीचा हिशेब पाहा : २.२८ गुणिले ७.२ म्हणजे १६.४ वॉट-अवर, आणि तिच्यावर तेवढेच छापलेले आहे. नव्या बॅटरीवर २६०० एमएएच खरे असते तर गुणाकार १८.७ यायला हवा होता. तिच्यावर १४.४ लिहिलेले आहे, म्हणजे उलट भागाकार केल्यास क्षमता २००० एमएएच निघते. एकाच आवरणावर छापलेले दोन आकडे एकमेकांना खोटे पाडत आहेत, आणि अशा वेळी ग्राहकाच्या डोळ्यांत भरावा म्हणून मोठ्या अक्षरांत छापलेल्या आकड्यापेक्षा बारीक अक्षरांतल्या आकड्यावर विश्वास ठेवलेला बरा. तोही पूर्ण ठेवू नये, हे पुढे दिसेलच.

छापील क्षमता जरी खरी असली तरी ती विशिष्ट परिस्थितीत मोजलेली असते. साधारण वीस अंश तापमानात, पाच तासांत बॅटरी रिकामी होईल इतक्या मंद आणि स्थिर प्रवाहाने ती मोजतात. कॅमेरा असा मंद व स्थिर प्रवाह कधीच घेत नाही. तो निवांत असताना थोडा प्रवाह घेतो आणि आपण बटण दाबून धरले की भिंगातील मोटर, कंपन रोखणारी यंत्रणा, शटर आणि कार्डावर लिहिणारा प्रोसेसर हे सारे एकदम ऊर्जा मागू लागतात.

आपला कॅमेरा ४३ टक्क्यांवर का बंद पडला, याचे उत्तर इथेच आहे. प्रत्येक बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो, आणि प्रवाह जितका जास्त तितका त्या रोधामुळे आतल्या आत खर्च होणारा व्होल्टेजचा वाटा वाढतो. समजा, चांगल्या बॅटरीचा रोध ०.१५ ओहम आहे आणि क्षणभर दीड अँपिअर प्रवाह वाहिला, तर जेमतेम पाव व्होल्ट खाली येईल आणि कॅमेऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. हलक्या प्रतीच्या सेलमध्ये हाच रोध ०.३ असेल आणि थंडीमुळे तो दुप्पट झाला, तर तेवढ्याच प्रवाहाला ०.९ व्होल्टची घसरण होईल. अर्धवट रिकाम्या बॅटरीचे ७.२ व्होल्ट तेवढ्या क्षणापुरते ६.३ वर येतील, आणि कॅमेरा ‘बॅटरी संपली’ असे समजून स्वतःला बंद करील. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत, पण घडते ते असेच. मुठीच्या उबेने रोध पुन्हा कमी झाला, म्हणून पुढची वीस मिनिटे मिळाली. ऊर्जा आत होतीच, ती हव्या त्या वेगाने बाहेर येत नव्हती. म्हणून बॅटरीची पारख करताना ‘किती साठवते’ आणि ‘मागेल तेव्हा किती वेगाने देते’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत.

टक्क्यांविषयीही थोडे सांगतो. मूळ बॅटरीतील चिप आत-बाहेर होणाऱ्या प्रवाहाचा हिशेब ठेवते आणि तो कॅमेऱ्याला कळवते. नकली चिप बहुधा केवळ व्होल्टेज पाहून अंदाज बांधते, त्यामुळे असे टक्के सरळ रेषेत उतरत नाहीत.

आता ६१० छायाचित्रांविषयी. हा आकडा जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या ‘सीपा’ या संघटनेच्या प्रमाणित पद्धतीने काढलेला असतो. त्या पद्धतीत तापमान २३ अंशांच्या आसपास ठेवतात, दर तीस सेकंदांनी एक छायाचित्र घेतात, अंगचा फ्लॅश असल्यास तो दर दुसऱ्या छायाचित्राला उडवतात आणि दर दहा छायाचित्रांनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करतात. आपल्या कॅमेऱ्याला अंगचा फ्लॅश नाही, त्यामुळे हिशेब सोपा होतो. ६१० गुणिले तीस सेकंद म्हणजे सुमारे पाच तास पाच मिनिटे. १६.४ वॉट-अवर पाच तासांत संपले, म्हणजे कॅमेरा सरासरी ३.२ वॉट खातो. स्क्रीन वापरल्यास कंपनी ७१० छायाचित्रे सांगते. तोच हिशेब केला तर सुमारे २.८ वॉट येतात, म्हणजे व्ह्यूफाइंडरची हौस साधारण ०.४ वॉटला पडते. आपण एका सेकंदात आठ-दहा छायाचित्रे घेता, म्हणून अठराशेचा आकडा गाठता. पण त्या सकाळी कॅमेरा एकूण किती तास चालू होता हे पाहिले, तर उत्तर पाच तासांच्या फार पुढे गेलेले नसेल. आपल्यासारख्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात ऊर्जा मुख्यतः वेळ खातो, छायाचित्रांची संख्या नव्हे. सीपाचा आकडा दोन कॅमेऱ्यांची आपसांत तुलना करण्यासाठी आहे. आपली सकाळ किती लांबेल, हे सांगण्याचे काम त्याच्याकडे दिलेलेच नाही.

घरच्या चाचणीसाठी छायाचित्रे मोजू नयेत. दोन्ही बॅटऱ्या एकाच चार्जरवर पूर्ण भरून तासभर तशाच ठेवाव्यात. कॅमेरा तिवईवर लावून, फोकस हाताने पक्का करून, विमान-मोड चालू ठेवून, स्क्रीनचा उजेड ठरावीक ठेवून चित्रफीत मुद्रित करत राहावे आणि कॅमेरा स्वतःहून बंद पडेपर्यंतची मिनिटे मोजावीत. आपल्या कॅमेऱ्यात २९ मिनिटांची मर्यादा असल्याने बटण पुन्हा पुन्हा दाबावे लागेल, एवढा त्रास आहे. दर दहा मिनिटांनी टक्के टिपून ठेवावेत. प्रत्येक बॅटरीच्या अशा तीन फेऱ्या घ्याव्यात, पण एकीच्या तीनही सलग घेऊ नयेत. आज ही, उद्या ती, असे आलटून पालटून करावे, म्हणजे खोलीचे तापमान बदलल्याचा दोष एकाच बॅटरीच्या माथी येणार नाही. याखेरीज काही शे रुपयांत यूएसबी मीटर मिळतो (पुण्यात असता तर तपकीर गल्लीत चला म्हटले असते). रिकामी बॅटरी कॅमेऱ्यातच ठेवून, कॅमेरा बंद करून, त्या मीटरमधून चार्ज केल्यास किती वॉट-अवर आत गेले ते दिसते. वाटेतला तोटा धरलेला असल्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा नेहमी जास्त येतो, पण दोन बॅटऱ्यांच्या तुलनेला तो उपयोगी पडतो.

थंडीतली चाचणी मात्र स्वतंत्र करावी आणि ती फ्रिजमध्ये बॅटरी ठेवून करू नये, कारण गार बॅटरी बाहेर काढताच तिच्यावर दव धरते. पहाटेची गच्ची पुरेशी आहे.

रानवाट (नागपूर), १३ जानेवारी

एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारावेसे वाटते. कॅमेऱ्यावर लाख-दीड लाख खर्च करायचे आणि बॅटरीत चार हजार वाचवायचे, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. मूळ बॅटरी घ्यावी आणि निश्चिंत राहावे.

रोध-प्रतिरोध (पुणे), १३ जानेवारी

रानवाट, तत्त्वतः सहमत आहे, पण ‘मूळ’ म्हणून विकली जाणारी बॅटरी मूळच असते याची खात्री कशी करणार? हुबेहूब वेष्टनातल्या नकला सर्रास मिळतात, आणि त्या ओळखायलाही शेवटी हीच मोजणी उपयोगी पडते. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे; बॅटरीवरचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. क्रमांक नसेल किंवा तो भलत्याच उत्पादनाचा निघाला, तर पुढे काही मोजण्याची गरज नाही. मात्र हे मानक सुरक्षिततेचे आहे. क्षमतेविषयी ते ग्वाही देत नाही.

मंगलक्षण (इचलकरंजी), १३ जानेवारी

मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढते, त्यामुळे माझे दुखणे कॅमेऱ्यापेक्षा फ्लॅशच्या पेन्सिल सेलचे आहे. पण विषय तोच असल्याने लिहीत आहे.

फ्लॅशसाठी निकेल-मेटल हायड्राइड सेल घेताना मीही सुरुवातीला २७०० आणि २८०० असे आकडे पाहूनच घेत असे. आदल्या आठवड्यात भरून ठेवलेले ते सेल अक्षता पडायच्या वेळी अर्धमेले झालेले असत. पुढे लक्षात आले की जुन्या पद्धतीचे हे सेल नुसते ठेवले तरी रिकामे होत जातात आणि महिनाभरात त्यांचा बराच चार्ज आपोआप उडून जातो. सान्योने २००५ मध्ये एनेलूप हे कमी गळतीचे सेल आणले. ते आता पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात. त्यांच्यावर किमान १९०० एमएएच एवढाच माफक आकडा असतो, पण तीन महिन्यांनी पेटीतून काढले तरी ते कामाला तयार असतात. त्यांचाच जास्त क्षमतेचा काळा प्रकार आहे. त्यात किमान २४५० ते २५०० एमएएच मिळतात, परंतु कंपनीच्याच दाव्यानुसार तो साध्या प्रकाराच्या तुलनेत खूपच कमी वेळा चार्ज करता येतो. माझे काम रोजचे असल्याने मी साधे पांढरेच वापरते.

माझी चाचणी अशी आहे. फ्लॅश पूर्ण शक्तीवर ठेवायचा, तयार असल्याचा दिवा लागला की लगेच उडवायचा आणि प्रत्येक वेळी दिवा लागायला किती सेकंद लागले ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पाहायचे. सलग फार उडवल्यास फ्लॅश तापतो, म्हणून पंधरानंतर मी थांबते. चांगल्या संचाला पहिल्या फ्लॅशला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा पंधराव्याला फारसा जास्त लागत नाही. थकलेल्या संचाचा वेळ मात्र दर फ्लॅशला वाढताना दिसतो. सरांनी सांगितलेला अंतर्गत रोध हाच असावा, पण मला तो वधू-वरांच्या चेहऱ्यावरच्या अवघडलेल्या हसण्यावरून कळतो.

आणखी एक गोष्ट. चार सेलचा संच विकत घेतला त्याच दिवशी त्यांच्यावर मार्करने ‘अ’ किंवा ‘ब’ आणि महिना-वर्ष लिहून ठेवते व ते चौघे कधीही वेगळे करत नाही. त्यांतला एक दुबळा असेल तर तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे तिघे त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलून त्याला पुरता निकामी करतात. आणि मल्टिमीटरवर नुसते व्होल्टेज पाहून सेल चांगला आहे असे ठरवू नये. भार नसताना मरायला टेकलेला सेलही १.३ व्होल्ट दाखवतो.

हिमगंध (कॅलगरी, कॅनडा), १४ जानेवारी

मूळची साताऱ्याची, गेली अकरा वर्षे इथे आहे. आमच्याकडे जानेवारीत उणे वीस अंश ही काही बातमी नसते. माझ्या अनुभवात त्या तापमानाला चांगली मूळ बॅटरीही निम्म्याच्या आसपास काम देते. त्यामुळे दोन बॅटऱ्या आतल्या कोटाच्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायच्या आणि कॅमेऱ्यातली गळाठली की अदलाबदल करायची, हाच आमचा शिरस्ता आहे. गार झालेली बॅटरी संपली असे समजून टाकून देऊ नये. उब मिळाली की ती बरेच काही परत करते.

मात्र शून्याखाली असलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. थंड सेलमध्ये चार्ज करताना लिथियम आत नीट शिरत नाही, त्याचा धातुरूप थर पृष्ठभागावर जमतो आणि ते नुकसान भरून निघत नाही. नाशिककरांना ही वेळ येणार नाही, पण लेह-स्पितीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

रोध-प्रतिरोध (पुणे), १४ जानेवारी

हिमगंध ताईंच्या लिहिण्याला एक पुरवणी जोडतो, कारण आपल्याकडे खरा शत्रू उलट दिशेने येतो. थंडीने गेलेली क्षमता परत येते, पण उन्हाळ्याने गेलेली येत नाही. मे महिन्यात ताडोब्याला जाणारे लोक पूर्ण भरलेल्या बॅटऱ्या उघड्या जिप्सीत किंवा बंद गाडीच्या काचेखाली ठेवतात. भरलेली अवस्था आणि उष्णता यांची ती जोडी सेलला सर्वांत लवकर म्हातारे करते. महिना-दोन महिने वापर नसेल तर चाळीस-पन्नास टक्क्यांवर, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावी.

गोदाकाठ (नाशिक), २५ जानेवारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सरांनी सांगितल्याप्रमाणे बारा दिवस उद्योग केला. घरच्यांनी नाइलाजाने सहन केला.

खोलीत, साधारण २४ अंशांत, सहा वर्षांची मूळ बॅटरी तीन फेऱ्यांत ३ तास २१ मिनिटे, ३ तास २४ मिनिटे आणि ३ तास १९ मिनिटे चालली. नवी बॅटरी अनुक्रमे २ तास ४७, २ तास ४४ आणि २ तास ३८ मिनिटे चालली. यूएसबी मीटरवर जुन्या बॅटरीत १७.६ आणि नवीत १४.५ वॉट-अवर गेल्याचे दिसले. म्हणजे दोन्ही पद्धतींनी नवी बॅटरी जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या ८२ टक्क्यांच्या आसपास भरते. ठळक २६०० तर सोडाच, बारीक अक्षरांतले १४.४ सुद्धा तिला पेलत नसावेत. टक्क्यांची गंमत वेगळीच आहे : पहिले तीस टक्के संपायला ७१ मिनिटे लागली आणि शेवटचे चाळीस टक्के अवघ्या १९ मिनिटांत संपले.

पहाटे गच्चीवर, आठ अंशांत, जुनी २ तास ५६ मिनिटे चालली. नवी १ तास ३३ मिनिटांनी, ३८ टक्के दाखवत असताना बंद पडली. दुसऱ्या पहाटेही जवळजवळ तसेच घडले.

माझा विचार असा आहे की नवी बॅटरी टाकून न देता घरातल्या कामाला, तिवईवर आणि उबेत, वापरावी. एक बारीकशी तक्रार आहे, ती सांगण्यासारखी आहे की नाही कळत नाही. दिवाळीत ती बॅटरी कप्प्यातून सहज उसळून बाहेर येत असे; आता नखाने ओढावी लागते. टेबलावर ठेवली तर किंचित डुलते. आवरण ढिले झाले असावे का?

रोध-प्रतिरोध (पुणे), २५ जानेवारी

ती तक्रार आपण सर्वांत आधी सांगायला हवी होती. आवरण ढिले झालेले नाही. आतले सेल फुगले आहेत. आपल्या तिन्ही फेऱ्यांत मिनिटे उतरत गेली, त्यामागेही बहुधा हेच असावे. ती बॅटरी आजपासून चार्ज करू नये, घरातल्या कामालाही वापरू नये, दाबून सपाट करण्याचा किंवा टोचून पाहण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. धातूच्या किंवा मातीच्या भांड्यात, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावी आणि लवकरात लवकर ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावी. घंटागाडीत टाकू नये, कारण कचरा दाबताना अशाच बॅटऱ्या पेट घेतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा विक्रेत्याकडेही विचारणा करून पाहावी.

आपली मोजणी नेटकी आहे, पण ती एका फुगत चाललेल्या बॅटरीची आहे, त्यामुळे त्या कंपनीच्या सगळ्याच बॅटऱ्या अशा असतात असे तिच्यावरून म्हणता येणार नाही. जुन्या बॅटरीचे आकडे मात्र जपून ठेवावेत. पुढच्या डिसेंबरात तीच चाचणी, त्याच खोलीत, त्याच मांडणीने पुन्हा घ्या. ३ तास २१ मिनिटांचे किती झाले, ते इथे कळवा.

गोदाकाठ (नाशिक), २६ जानेवारी

बॅटरी मातीच्या कुंडीत घालून गच्चीवर ठेवली आहे. संकलन केंद्र उद्या उघडेल. डिसेंबरात कळवतो.